बर्फातली कांदेनवमी

आम्ही बर्फात अडकलो होतो ती गोष्ट आमच्या घरात काकाच सांगतात, आणि दर वर्षी त्यातला बर्फ बोटभर वाढतो. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तो माझ्या गुडघ्याच्या थोडा वर होता. गेल्या दिवाळीपर्यंत तो काकांच्या कमरेला लागला होता. वाढवू देत बापडे. माणसाने जन्मभर पुलांची अचूक मापं काढली, तर निवृत्तीनंतर एखादं माप सैल सोडायला हरकत नाही. मात्र त्या गोष्टीतलं एक वाक्य ते कधी बदलत नसत. "उपासाची पिशवी माझ्याकडून राहिली," असं म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. गोष्ट तिथे पोचली की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठायचे.

आजी त्या वर्षी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिची तिन्ही मुलं इथेच, परदेशात, एकाच शहराच्या आसपास. काका-काकू हिल्सबरोला, आम्ही अवोन्डेलला आणि आत्या पुकेकोहेला. आजीचे प्रत्येकाकडे दोन दोन महिने ठरले होते, पण ती जिथे असेल तिथे बाकीचे सगळे शनिवारी टपकतच. सात नातवंडांपैकी माझा भाऊ अजून रांगत होता. मोठ्या नातवंडांना आजीचं सगळं कळायचं, पण ती पोरं उत्तर इंग्रजीत द्यायची. आजीने त्याचा बाऊ केला नाही. "काम सांगितलं की करतात ना, मग झालं," म्हणायची. मी मात्र तिच्याशी मराठीतच बोलायचे. त्यात भाषाप्रेम वगैरे काही नव्हतं, मराठीत मागितलं की लाडू दोन मिळायचे.

जुलै महिना म्हणजे इथला ऐन हिवाळा आणि आपला आषाढ. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून एकादशीच्या दोन दिवस आधी नवमीला पोटभर कांदा खाऊन घ्यायचा, ही कांदेनवमी. आमच्या घरात चातुर्मास पाळणारी एकटी आजी, आणि कांदेनवमी पाळणारे आम्ही बाकीचे तेराच्या तेरा. त्या वर्षी नवमी शनिवारी होती आणि शाळांना सुट्टी. काकांनी बेत काढला की रुआपेहू डोंगराच्या पायथ्याशी एक घर भाड्याने घ्यायचं, शुक्रवारी निघायचं, शनिवारी बर्फात कांदेनवमी करायची आणि रविवारी संध्याकाळी परत. सोमवारी आजीची एकादशी हिल्सबरोला, देवांसमोर.

काकांचा बेत म्हणजे त्याला यादी आलीच. ती त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवली. ब्लँकेटं किती, टॉर्च किती, कुणाचे गमबूट कुणाला होतील, सगळं त्यात. आत्याने पुकेकोहेहून दहा किलो कांद्यांची गोण आणली. तिच्याकडे कांदा शेतावरून थेट यायचा, आणि पुकेकोहेच्या कांद्यासारखा कांदा जगात नाही असं तिचं मत होतं. बटाटे घ्यायचे का, असं आईने विचारलं तर म्हणाली, "कांदेनवमीला बटाट्याचं काय काम?"

निघायच्या सकाळी सगळे हिल्सबरोला जमलो तेव्हा आजीने एक निळी कापडी पिशवी आणून काकांच्या हातात दिली. तिच्यात साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट आणि राजगिऱ्याचे लाडू.

"आई, रविवारी आपण घरी आहोत. उपास सोमवारचा," काका म्हणाले.

"असू दे. प्रवासाचं काय सांगावं."

सगळे हसले. काकांनी हसत हसत पिशवी यादीत लिहिली, भाड्याच्या मोठ्या व्हॅनमध्ये ठेवली आणि खूण करून यादी खिशात घातली.

माझी अडचण वेगळी होती. माझी समुद्रावरची फोमची फळी, बूगी बोर्ड, मला बर्फावर घसरायला हवी होती. व्हॅन गच्च भरलेली. फळी आडवी बसेना, उभीही बसेना. निळी पिशवी काढली की बसत होती. काका रविवारी परतणार म्हणाले होते, आणि काका कधी चुकत नाहीत हे आमच्या घरात सर्वांना मान्य होतं, विशेषतः काकांना. मी पिशवी उचलली, गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या आड ठेवली आणि फळी सरकवली. विसरले वगैरे काही नाही. चांगली ठरवून ठेवली.

शनिवार इतका छान गेला की त्याच्याबद्दल मला आजही काही वाईट बोलवत नाही. घरामागे उतार होता. आम्ही सकाळपासून घसरत होतो. माझी फळी सगळ्यांत वेगात जायची आणि मी ती कुणाला देत नव्हते. बाबा एका प्लास्टिकच्या घमेल्यात बसून गेले आणि थेट कुंपणाला अडकले. आत काकू आणि आत्या कांद्यावर तुटून पडल्या होत्या. कांदाभजी, कांद्याचं पिठलं, कांद्याची कोशिंबीर, भरले कांदे. आजीनेही भज्यांचा समाचार घेतला. "चार महिन्यांचा साठा करतेय," असं ती दर भज्यामागे म्हणत होती. दुपारपासून बर्फ पडायला लागला आणि आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी दार उघडेना. काका आणि बाबांनी ते ढकलून उघडलं तेव्हा व्हॅनच्या जागी एक पांढरा उंचवटा होता. घराच्या मालकाचा फोन आला. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे, मंगळवारपर्यंत उघडेल, गाडी काढायचा वेडेपणा करू नका. फोन ठेवल्यावर काकांनी यादीच्या मागच्या बाजूला नवी यादी करायला घेतली. आम्ही पोरं मात्र आनंदाने किंचाळत होतो, कारण सोमवारचा क्लास बुडणार होता, आणि मोठ्यांनाही कुठे जाता येत नव्हतं. एवढे सगळे आईबाप एकाच वेळी एका खोलीत रिकामे बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

दिवसभर आम्ही चौदा जण त्या एका बैठकीच्या खोलीत होतो, कारण लाकडाची शेगडी तिथेच होती. गाद्या ओढून आणल्या. मोजे वाळत घातले. आत्याच्या यजमानांनी बदामसात मांडला आणि एका लहान भाच्याशी लबाडी करताना पकडले गेले. भेंड्या झाल्या. माझा मोठा चुलतभाऊ, जो एरवी एक शब्द मराठीत बोलायचा नाही, त्याने आजीने शिकवलेली आरती सुरात म्हटली आणि मग "दॅट काउंट्स!" म्हणून भांडला. माझ्या डाव्या बाजूला आजीचा गुडघा, उजवीकडे शेगडी आणि मांडीवर भावाचं डोकं, असं मला ते आठवतं. सुखी असणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी अजून त्या दुपारकडेच बोट दाखवीन.

काकूने तेवढ्यात एक कामाचं काम करून टाकलं. आजी आपल्याकडे आहे तोवर घरात कांदा नको, असं तिने मनाशी ठरवलेलं होतं, म्हणून उरलेला सगळा कांदा आजच्या आज संपवायचा चंग तिने बांधला. असेल नसेल ती सगळी पिठं एकत्र करून त्यात कांदा घालून थालीपिठं लावली. पोह्यांत कांदा, तांदळात कांदा. आठवडाभर पुरेल असं रांधून ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्या घरात कांदा न लागलेलं काही म्हणजे काही उरलं नाही, तेलसुद्धा.

मग आजी म्हणाली, "उद्याचं माझं काढून ठेवते. ती निळी पिशवी दे रे."

काका व्हॅन उकरायला गेले. पाऊण तासाने आत आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त यादी होती. तिच्यावर पिशवीपुढे खूण होती आणि व्हॅनमध्ये पिशवी नव्हती. काका त्या खुणेकडे बघत राहिले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. रस्ता चुकला तरी थांबून कुणाला विचारायचा नाही. तो म्हणाला, "राहिली वाटतं. माझ्याकडून राहिली, आई."

"यादी करून काय उपयोग मग!" काकू म्हणाली.

बोलायला हवं होतं हे मला नवव्या वर्षीही कळत होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

"एवढं काय त्यात," आजी म्हणाली. "पाणी आहे ना? आपल्याकडे निरंकार करतात की लोक."

सोमवार उजाडला. बाकीच्या मोठ्यांनी सोयीस्करपणे ठरवलं की अडचणीत उपास चालत नाही, आणि थालीपिठं काढली. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते आमच्याकडे साबुदाण्याविनाच सुरू होतं. आजीने गरम पाणी घेतलं. तिला रक्तदाबाची गोळी रिकाम्या पोटी चालत नसे. दूध होतं ते कपभर, भावासाठी ठेवलेलं. त्याला ती हात लावेना. फळं आम्ही व्हॅनमध्येच संपवली होती. बाबा म्हणाले, "आई, एखादं थालीपीठ खा, देव काही म्हणणार नाही." आजी म्हणाली, "देव नाहीच म्हणणार. मीच म्हणेन ना स्वतःला. चाळीस वर्षं एकही मोडली नाही."

मी पोट दुखतंय म्हणून काही खाल्लं नाही. तेवढीच माझी शिक्षा, आणि तीही खोटं बोलून.

बाराच्या सुमाराला आजी पाणी घ्यायला उठली आणि पुन्हा खाली बसली. पडली नाही, नुसती बसली. पण तिचा हात भिंत शोधत होता, ते काकांनी पाहिलं. ते लगेच उठले. गमबूट चढवले, बाबांचा रेनकोट आपल्या जॅकेटवर घातला आणि म्हणाले, "खाली शेतावर धूर दिसतोय. बघून येतो."

"अरे, एवढ्या बर्फात?" आजी म्हणाली.

"मी विसरलोय, मीच आणतो."

आम्ही सगळे खिडकीशी गेलो. काका कुंपणाच्या तारेला धरून धरून उतार उतरत होते. दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले ते बराच वेळ उठले नाहीत, आणि मग उठले. पुढे रस्ता वळतो तिथे दिसेनासे झाले. काकू खिडकीतून हलली नाही. हळूहळू बाकीचे शेगडीकडे गेले. मी आजीच्या गादीवर जाऊन तिच्या शालीत तोंड खुपसलं आणि रडायला लागले.

"मी काढली पिशवी," मी म्हणाले. "काकांनी ठेवली होती. मी काढली, माझी फळी बसत नव्हती."

"माहितीये मला," आजी म्हणाली.

मी रडायची थांबले.

"मी गॅरेजच्या दारातच होते. म्हटलं, पोरगी एवढी हौसेने फळी नेतेय, नेऊ दे. रविवारी परत यायचंच आहे. मग आता तुझी एकटीची कशी गं चूक? निम्मी माझी."

"मग आपण काकांना सांगू या."

आजीने खिडकीकडे पाहिलं. बाहेर अजून कुणी दिसत नव्हतं. ती हळू आवाजात बोलली, काकूला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आता नको. तो आयुष्यात कुणाच्या दारात काही मागायला गेलेला नाही. आज माझ्यासाठी गेलाय. मध्येच त्याला सांगायचं की बाबा, तुझी चूक नव्हतीच, तर त्याचं जाणं फुकट गेल्यासारखं होईल. राहू दे." मग जरा हसून म्हणाली, "आणि एकदा तरी मेल्याने 'माझं चुकलं' म्हटलंय. ऐकायला बरं वाटलं मला."

तिने माझ्याकडून वचन वगैरे घेतलं नाही. मला मोकळं मोकळं वाटलं, तेवढं पुरेसं होतं.

दीड तासाने ट्रॅक्टरचा आवाज आला. पुढे एक म्हातारा शेतकरी, मागे उभे काका, आणि त्यांच्या जॅकेटचा पुढचा भाग पोत्यासारखा फुगलेला. म्हाताऱ्याने दारातूनच, इथल्या रीतीने नमस्कार घालत, "किया ओरा! यू लॉट ऑल राइट?" म्हणून विचारलं आणि एका खोलीतली तेरा माणसं पाहून टोपी मागे सरकवली. काकांनी जॅकेट उघडलं. सात-आठ जाडजूड, जांभळ्या सालीची कुमरा. काकांनी त्या माणसाच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याला एकादशी समजावून सांगितली होती. धान्य नाही, मांस नाही, अंडं नाही, कांदा तर नाहीच. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला होता, "सो कुमरा इज स्वीट अ‍ॅज?" म्हणजे, मग कुमरा चालेल ना? वर दोन लिटर दूधही दिलं होतं.

आजीने एक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अगं बाई, हे तर रताळं!"

मग नवा प्रश्न. शिजवायचं कशात? घरातल्या प्रत्येक भांड्याला कांद्याचा वास. काकू पातेलं घासायला बसली, घासून वास घ्यायची आणि पुन्हा घासायची. आजी म्हणाली, "सोड ते. विस्तवात घाला." काकांनी शेगडीचं दार उघडून निखाऱ्यांच्या कडेला रताळी रचली आणि स्वतः राखण करत बसले. त्यांच्या पँटमधून वाफ निघत होती. साल जळून काळी झाली तेव्हा त्यांनी एक बाहेर काढलं, फुंकर घालून सोललं आणि आजीच्या हातावर ठेवलं. आतून पिवळंधमक. आजीने डोळे मिटून पहिला घास घेतला, वर दूध प्यायली, गोळी घेतली. मग अर्धं मोडून माझ्यापुढे केलं. "पोट थांबलं का दुखायचं?" मी इतक्या घाईने खाल्लं की जीभ भाजली.

मंगळवारी रस्ता मोकळा झाला. पुढचे चार महिने आजी भेटेल त्याला सांगत होती, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात रताळी विकणाऱ्या बाईलासुद्धा, की माझ्या लेकाने बर्फातून माझ्यासाठी एकादशीचं आणलं. बाईला मराठी येत नव्हतं. त्याने काही अडलं नाही.

आजी पुण्याला परतली ती पुन्हा आली नाही. सहा-सात वर्षांनी गेली. तेव्हा आम्ही सगळे काकांकडे जमलो होतो. मी सगळ्यांना चहा देत होते, आणि काका कपाकडे न बघता, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "बर्फात उपाशी ठेवली मी तिला. एक पिशवी मला सांभाळता आली नाही." मी त्यांच्या समोर ट्रे धरून उभी होते. सोळा वर्षांची घोडी. आजीने 'आता नको' म्हटलं होतं, 'कधीच नको' म्हटलं नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी पुढच्या माणसाकडे ट्रे नेला. त्याची मला अजून लाज वाटते. त्यानंतर जेवढी वर्षं गेली तेवढं ते सांगणं अवघड होत गेलं.

या जुलैमध्ये मी माझ्या मुलीला पहिल्यांदा बर्फ दाखवायला न्यायचं ठरवलं. ती सहा वर्षांची आहे आणि नाकावर रागही आमच्याच घराण्याचा आहे. निघताना हिल्सबरोला थांबलो, कारण न थांबता पुढे जाण्याची कुणाची हिंमत नाही. घरातलं कुणीही, कुठेही निघालं की काका त्याला एक निळी पिशवी देतात. एकादशी असो नसो, माणूस फिजीला चाललेला असो. साबुदाणा, भगर, कूट, लाडू, आणि हल्ली दोन कुमराही. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्याची थट्टा करतो. ते गॅरेजमधून पिशवी घेऊन आले, गुडघ्यांमुळे हळूहळू. माझी मुलगी गाडीच्या मागे आपली फळी घुसवत होती आणि ती बसत नव्हती.

"आजोबा, देअर्स नो रूम फॉर दॅट," ती म्हणाली.

आणि मी सांगून टाकलं. तिथेच, त्याच गॅरेजच्या दारात. सगळं, वॉशिंग मशीनसकट. आजीला माहीत होतं हेही, आणि ती काय म्हणाली होती तेही. बोलता बोलता माझा आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा झाला होता, आणि मी वाट बघत होते की आता हे ओरडतील.

काका पिशवीचे बंद हातात धरून उभे होते. "म्हणजे मी ठेवली होती," ते म्हणाले.

"ठेवली होती, काका. यादी बरोबर होती."

"आईला ते माहीत होतं?"

"होतं. पहिल्यापासून."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग डोळे पुसले, सरळ सदऱ्याच्या बाहीने, काही लपवालपवी न करता. मी म्हणाले, "चुकलं माझं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हाला जावं लागलं नसतं."

"वेडी आहेस का," काका म्हणाले. "तू काढलीस हे कळलं असतं तरी मी गेलोच असतो. आईला भूक लागली होती ना."

मग त्यांनी माझ्या मुलीची फळी बाहेर काढली, पिशवी खाली ठेवली, फळी तिच्यावर तिरकी घातली आणि डिकीचं दार लावलं. दोन्ही बसल्या.